गुडघ्याला झेपेल एवढी सायकल: कर्वेनगरमधलं एक प्रकरण

रुग्ण ५६ वर्षांच्या. राहायला पुण्यात कर्वेनगरला, तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. आठ वर्षांपासून टाइप २ मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या दोन गोळ्या. उंची १५६ सेंटीमीटर, वजन ७४ किलो. माझ्याकडे फिजिओथेरपीला आल्या त्या उजव्या खांद्यासाठी: मागे हुक लावता येत नाही, केस विंचरताना हात वर जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. गुडघ्यांचा विषय त्यांनी जाता जाता काढला, आणि हे प्रकरण पुढे त्याच विषयाचं झालं. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून इथे मांडते आहे. मी त्यांना काकू म्हणते, म्हणून इथेही तेच.

काकूंची मुलगी पळते. हिवाळ्यात पुण्यात पळण्याच्या स्पर्धा रविवारी रविवारी असतात आणि काकूंना तिच्याबरोबर दहा किलोमीटर पळायचं होतं. मोबाइलवरचा एक कार्यक्रम बघून त्यांनी सुरुवात केली: दोन मिनिटं चालणं, एक मिनिट पळणं. तिसऱ्या आठवड्यात उजवा गुडघा सुजला. अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे काढला. आतल्या बाजूची फट थोडी अरुंद झालेली आणि हाडाच्या कडेला बारीक वाढ, म्हणजे झिजेची सुरुवात. सल्ला मिळाला की पळणं बंद करा, पोहायला जा.

काकू लहानपणी पोहायला शिकल्या होत्या. घराजवळच्या तलावाचा पास काढून त्या जाऊ लागल्या. खांदा आधीपासून थोडा धरलेला होता, त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. महिनाभर फ्रीस्टाइल केल्यावर खांदा रात्री ठणकू लागला. मग हात न उचलता पोहायचं म्हणून ब्रेस्टस्ट्रोक सुरू केला, तर गुडघ्याची आतली बाजू दुखायला लागली. तलाव सुटला. पुढचे चार महिने व्यायाम शून्य, साखर वाढलेली, वजन दोन किलोंनी वर. मधुमेहाच्या डॉक्टरांनी गोळी वाढवायची भाषा केली तेव्हा त्या घाबरल्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितली, तीही मी खोदून विचारलं म्हणून. मधल्या काळात पार्किंगमध्ये पडलेली मुलाची गिअरची सायकल काढून त्यांनी चालवून पाहिली होती. प्रत्येक वेळी वाटीच्या मागे, गुडघ्याच्या समोरच्या बाजूला दुखलं. "डॉक्टर, पळणं नाही, पोहणं नाही आणि सायकलही नाही. आता माझ्यासाठी काही उरलंच नाही," असं त्या म्हणाल्या.

त्या वाक्यातला सायकलचा भाग मला पटला नाही, कारण त्यांचा गुडघा ज्या प्रकारचा होता त्याला सायकल चालायला हवी होती.

तपासणीत दिसलं ते असं. जिना उतरताना दुखणं दहापैकी सहा, चढताना तीन. सकाळचा आखडलेपणा दहा मिनिटांचा. गुडघा वाकतो १२० अंशांपर्यंत, हलवताना कटकट जाणवते, सूज नाही. खुर्चीवरून हाताच्या आधाराशिवाय तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ही एक साधी चाचणी असते. काकू नऊ वेळा उठल्या. साठीच्या पुढच्या बाईंकडूनही बारा वेळांची अपेक्षा असते, म्हणजे मांड्या बऱ्याच दुबळ्या. खांदा बाहेरच्या बाजूला निम्म्यापेक्षा कमी फिरतो. हा फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा होता, आणि मधुमेह असणाऱ्यांमध्ये तो इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. डॉक्टरांनी ईसीजी आणि रक्तदाब बघून व्यायामाला परवानगी दिली होती. डोळ्यांचा पडदाही तपासून घेतलेला होता. मधुमेही माणसाला जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी हे बघून घ्यावंच.

तीन व्यायाम, एक गुडघा

पळण्यावर अन्याय होऊ नये म्हणून आधी हे सांगते. हौसेने, बेताने पळणाऱ्या माणसांचे गुडघे न पळणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात असं दिसलेलं नाही. निरोगी कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाला, भार आवडतो. तिला रक्तपुरवठा नसतो; दाब आला की आतलं द्रव बाहेर, दाब गेला की पुन्हा आत, अशा स्पंजासारख्या हालचालीतून तिला पोषण मिळतं. त्यामुळे "पळू नका, गुडघे जातील" हा सरसकट उपदेश मी कुणाला देत नाही.

पण काकूंचा हिशेब वेगळा होता. पळताना दर पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर उलटा येतो. ७४ किलोच्या शरीराला तो दीडशे ते सव्वादोनशे किलोंच्या घरात जातो, आणि मिनिटाला साधारण दीडशेहून जास्त पावलं पडतात. हा जोर झेलायचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूंचं. ते लांब होत होत, ब्रेक लावल्यासारखे काम करतात. खुर्चीवरून नऊ वेळा उठणाऱ्या मांड्यांना ते जमत नव्हतं आणि उरलेला भार सांधा घेत होता. पर्वतीच्या किंवा तळजाईच्या वाटेवर ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना हे आठवेल: चढताना दम लागतो, पण दुखतं ते उतरताना. पळण्याच्या प्रत्येक पावलात असं थोडं उतरणं असतं. पळताना काकूंच्या हातात कमी करण्यासारखं फारसं काही नव्हतं. वेग कमी केला तरी शरीराचं वजन तेवढंच राहतं आणि पाऊल तसंच आपटतं.

पोहण्यात आपटणं नाही. कमरेइतक्या पाण्यात नुसतं उभं राहिलं तरी पायांवरचं वजन जवळजवळ निम्मं होतं, आणि गुडघ्याच्या बऱ्याच रुग्णांना मी स्वतः पाण्यात चालायला पाठवते. मात्र फ्रीस्टाइलमध्ये शरीर पुढे ओढण्याचं बहुतेक काम खांद्याचं. हात डोक्यावरून नेऊन, आतल्या बाजूला वळवून, पाण्याच्या विरोधात ओढायचा, तेही तासाभरात शेकडो वेळा. आखडलेल्या खांद्याला जी हालचाल नकोशी असते ती हीच. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ गुडघ्याला आतल्या बाजूने ताण देते. काकूंची झीज नेमकी त्याच बाजूला. म्हणजे पोहणं सौम्य खरं, पण काकूंच्या शरीरातल्या दोन दुखऱ्या जागांवरच त्याचा भार येत होता. पाण्यात तो कमी करायचा तर तंत्र बदलावं लागतं, आणि आखडलेल्या खांद्याने तंत्र सुधारणं अवघड.

आता सायकल. शरीराचं बरंचसं वजन सीटवर. पाय जमिनीवर आपटत नाही, गोल फिरतो. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी मोजमापाची यंत्रणा आत असलेले कृत्रिम गुडघे रुग्णांमध्ये बसवून सांध्याच्या आतला जोर प्रत्यक्ष मोजला आहे. त्यात साधं चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना उतरताना सुमारे साडेतीन पट, आणि हलक्या जोराने सायकल चालवताना जवळपास वजनाइतकाच भार आढळला. सायकल चालण्यापेक्षाही हलकी, हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं.

दुसरा फायदा स्नायूंचा. पायडल दाबताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात, लांब होत नाहीत. पळल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात ते मुख्यतः लांब होत काम केल्यामुळे. सायकलनंतर तसं फारसं होत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवता येते. मधुमेह्यासाठी ही मोठी गोष्ट, कारण व्यायामाने साखरेवर होणारा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो. आठवड्यातून एकदा घाम गाळण्यापेक्षा रोज किंवा एक दिवसाआड अर्धा तास त्याला जास्त उपयोगी.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तिसरा मुद्दा. सायकलवर भार किती घ्यायचा हे आपण ठरवतो. गिअर हलका केला की पायडलवरचा जोर तिथल्या तिथे कमी होतो. सीट वर केली की गुडघा कमी वाकतो. पाय दमला तर फिरवायचं थांबवावं, सायकल चालत राहते. आणि हाच मुद्दा उलटा लागू होतो: ठरवणारे आपण, म्हणून बिघडवणारेही आपणच. जड गिअर आणि खाली सीट असली की ही सौम्य हालचाल गुडघ्याला शिक्षा होते. काकूंच्या बाबतीत हेच झालं असणार असा माझा कयास होता. मी त्यांना सायकल घेऊन यायला सांगितलं.

पार्किंगमधली तपासणी

मुलाची सायकल काकूंच्या मानाने मोठी होती, आडव्या दांडीची. सीट अगदी खाली दाबलेली. बसल्या बसल्या दोन्ही पाय पूर्ण जमिनीवर टेकत होते. मी सायकल भिंतीला धरली, काकूंना पायडलवर पाय ठेवून उलटं फिरवायला सांगितलं आणि पायडल सगळ्यात खाली असताना गुडघ्याचा कोन मोजला. तो ५५ अंशांच्या आसपास वाकलेला होता. त्या जागी २५ ते ३५ अंश हवेत. पायडल वर आल्यावर गुडघा इतका दुमडायचा की मांडी पोटाला लागायची. गुडघा वाकलेला असताना जोर लावला की वाटी मागच्या हाडावर दाबली जाते, आणि जितका जास्त वाकलेला तितका तो दाब जास्त. काकूंना दुखत होतं ते बरोबर तिथेच. गिअर होता सगळ्यात जड, कारण बदलायचा कसा हे माहीत नव्हतं. मिनिटाला चाळीसेक फेऱ्या, प्रत्येक फेरीत रेटून दाबणं.

मी सीट वर करायला गेले तर काकू म्हणाल्या, "नको हो, पाय टेकले नाहीत तर पडेन ना!"

या एका वाक्यात पुण्यातल्या कितीतरी गुडघ्यांचं दुखणं आहे, म्हणून इथे जरा थांबते. काकूंच्या पिढीतल्या मुलींनी शाळा-कॉलेज सायकलवरच केलं. पुणं तेव्हा सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाई; त्या काळच्या सायकली आजही कर्वेनगरमधल्या सायकल संग्रहालयात बघायला मिळतात. काकूही साडेचार-पाच किलोमीटरवरच्या शाळेत काळ्या लेडीज सायकलने जायच्या. मग लग्न, नोकरी, स्कूटर. स्कूटरवर तीस वर्षं एकच सवय लागते: थांबलं की बसल्या जागी दोन्ही पाय खाली. सायकलला ही सवय चालत नाही. सीट योग्य उंचीवर असेल तर बसल्या बसल्या पाय टेकत नाहीत, टेकलाच तर चवडा कसाबसा टेकतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं. शाळेतल्या वयात हे अंगात होतं, पन्नाशीनंतर विसरलेलं असतं. म्हणून माणसं सीट खाली घेतात, गुडघे दुखतात, आणि दोष सायकलला किंवा वयाला जातो. माझ्याकडे गुडघ्याच्या समोरच्या भागाचं दुखणं घेऊन येणाऱ्या सायकलवाल्यांमध्ये हे मला वारंवार दिसतं. सायकलच्या दुकानातही गिऱ्हाईकाला बसवून "टेकतात ना पाय?" असंच विचारतात.

त्यामुळे काकूंच्या उपचारात मुख्य भाग उतरायला शिकण्याचा होता. सीट वर करणं हे पाना फिरवण्याचं काम, ते मिनिटाचं. त्या उंचीवर न घाबरता थांबता येणं हे आठवड्यांचं.

काय केलं

पहिले चार आठवडे रस्त्यावर नाही. क्लिनिकमधल्या स्थिर सायकलवर, सीट बरोबर उंचीला लावून, जवळजवळ शून्य जोरावर दहा मिनिटं, पुढे वीस. मिनिटाला साठ ते सत्तर फेऱ्या. वेग ठरवायला एकच नियम: बोलता आलं पाहिजे, गाता आलं नाही पाहिजे. काकू पहिल्या दिवशी साशंक होत्या. दहा मिनिटांनी उतरून त्यांनी गुडघा दोनदा वाकवून बघितला आणि म्हणाल्या, "दुखत नाहीये." त्यानंतर त्यांना समजवावं लागलं नाही. खांद्याचे व्यायाम सोबत चालूच होते. सरळ बसून, हात सैल ठेवून सायकल चालवताना खांद्याला काही होत नव्हतं, हेही त्यांनी लगेच ओळखलं.

याच काळात त्यांच्यासाठी सायकल शोधली. माझ्या अटी अशा: आडवी दांडी नको, खालून पाय घालता आला पाहिजे, हँडल सीटपेक्षा थोडं वर, मागे सहा-सात गिअर पुरेत, टायर जाड. महागाची, वाकून चालवायची सायकल या प्रकृतीला नकोच. वाकून बसलं की तळहातांवर आणि खांद्यांवर वजन येतं आणि करंगळ्या बधिर होतात. चुलतबहिणीकडे अशी एक सायकल पडून होती. टायर, ट्यूब, ब्रेकच्या वायरी बदलल्या आणि ती तयार झाली.

मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरण्याचा सराव. सीट सुरुवातीला काकूंच्या मनासारखी खाली, आणि दर चार-पाच दिवसांनी एक सेंटीमीटर वर. थांबायची रीत अशी शिकवली: दोन्ही ब्रेक हळू दाबत वेग कमी करायचा, उजवं पायडल खाली आलं की त्यावर उभं राहायचं, सीटवरून पुढे सरकायचं आणि डावा पाय जमिनीवर टेकायचा. डावा का, तर आपल्याकडे थांबताना कडेला डावीकडे थांबायचं असतं. काकूंचा उजवा गुडघा दुखरा, मग त्याच पायावर उभं कसं राहायचं, हा त्यांचा रास्त प्रश्न. पायडल खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ असतो, सरळ गुडघ्यावर उभं राहणं त्याला जड जात नाही. पंधरवड्यात भीती गेली. सीट योग्य जागी आली की नाही हे घरच्या घरी बघायची सोपी खूण त्यांना दिली: चप्पल-बुटासकट टाच पायडलवर ठेवायची, पायडल सगळ्यात खाली, पाय सरळ व्हायला हवा आणि कंबर एका बाजूला झुकायला नको. मग चालवताना चवडा पायडलवर घेतला की गुडघा आपोआप हवा तेवढाच वाकतो.

रस्ता निवडणं हा पुण्यात उपचाराचाच भाग आहे. सांध्यांना सायकल सौम्य असली तरी कर्वे रस्त्यावरची सकाळी दहाची वाहतूक सौम्य नाही, आणि पडून मनगट मोडलं तर गुडघा वाचवल्याचं समाधान कुणाला? महापालिकेने २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, काही रस्त्यांना सायकल मार्गही आहेत. पण ते सलग नाहीत, आणि मध्येच लावलेली दुचाकी किंवा फुटपाथची उंच कड लागते. नव्याने सुरू करणाऱ्याला मी त्यावर विसंबायला सांगत नाही. काकूंसाठी ठरवलं ते असं: सकाळी साडेसहाच्या आत निघायचं, म्हात्रे पूल ते राजाराम पूल हा नदीकाठचा डी. पी. रस्ता, सपाट, त्यावरच ये-जा. डोक्याला हेल्मेट, अंगात उजळ रंग, मागे लाल दिवा. निघण्याआधी बोटातून रक्त काढून साखर बघायची. ग्लिमेपिराइडवर असणाऱ्यांची साखर व्यायामात एकदम खाली येऊ शकते, म्हणून खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवायच्या, आणि हातपाय थरथरले, दरदरून घाम आला तर "घर आलंच" म्हणून पुढे जायचं नाही, तिथेच थांबून खायचं.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी आठवड्यातून पाच दिवस तीस-चाळीस मिनिटं होऊ लागली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. काकू तिथे पोहोचल्या होत्या.

मध्येच गुडघा पुन्हा सुजला

चौथ्या महिन्यात ओळखीच्या बायकांच्या गटाबरोबर त्या चांदणी चौकाच्या दिशेने चढावर गेल्या. सगळ्यांबरोबर राहायचं म्हणून गिअर हलका न करता रेटत राहिल्या. संध्याकाळी गुडघा गरम, सकाळी सुजलेला. फोनवर आवाज रडवेला. त्यांना वाटलं, परत पहिल्यापासून.

सायकल बघितली तर सीट जवळजवळ तीन सेंटीमीटर खाली गेलेली. आदल्या आठवड्यात पंक्चर काढताना दुकानात सीट काढली होती आणि बसवताना अंदाजाने खाली बसवली. आधी सपाट रस्त्यावर चालवली असती तर लक्षात आलं असतं. एकदम बदललं आणि पुढच्याच फेरीत चढ. चढ, जड गिअर आणि खाली सीट, तिन्ही एकत्र आले.

उपाय साधा होता. चार दिवस रस्ता बंद, पण पाय बंद नाही: स्थिर सायकलवर शून्य जोराने दहा-दहा मिनिटं, बर्फाचा शेक, सूज उतरली की पुन्हा सपाट रस्ता. सीटच्या दांडीवर योग्य उंचीला रंगीत चिकटपट्टी गुंडाळून दिली, म्हणजे पुन्हा कुणी हलवली तर एका नजरेत कळेल. आणि दुखण्याचा नियम पक्का केला. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं, जे चोवीस तासांत मूळ पातळीला येतं, ते चालतं. त्यापेक्षा जास्त असेल किंवा सूज आली तर पुढच्या वेळी गिअर हलका, वेळ कमी; पूर्ण बंद नाही. गुडघ्याच्या झिजेत माणसाचं नुकसान सूज आल्यामुळे होतं त्यापेक्षा सूज आल्यावर महिनोन्महिने बसून राहण्याने जास्त होतं, हे मी काकूंना पुन्हा पुन्हा सांगितलं. दहा दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. गटातल्या दोघींनीही आपापल्या सीटा वर करून घेतल्या.

सहा महिन्यांनी

खुर्चीवरून तीस सेकंदांत तेरा वेळा उठणं. जिना उतरताना दुखणं दहापैकी दोन. सलग पाऊण तास चालता येतं. वजन साडेसत्तर किलो. साखर आटोक्यात आली, डॉक्टरांनी गोळी वाढवण्याऐवजी ग्लिमेपिराइडचा डोस निम्मा केला. एका रविवारी त्या खडकवासल्याला जाऊन आल्या, वाटेत दोनदा थांबून, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा शांत होता. खांदाही सुधारला, पण त्याचं श्रेय सायकलला नाही. फ्रोझन शोल्डर काळाबरोबर आणि नेमक्या व्यायामाने सुटत जातो, तसा तो सुटतो आहे.

सायकलने काय दिलं नाही हे सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही.

हाडं. सीटवर वजन असल्यामुळे सांध्यांना आराम मिळतो, आणि त्याच कारणाने हाडांना हवा तो धक्का मिळत नाही. वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवणाऱ्या स्पर्धकांच्या मणक्याची हाडं पळणाऱ्यांपेक्षा विरळ आढळली आहेत. पाळी गेलेल्या बाईंनी हे हलक्यात घेऊ नये. दुसरं, जिना उतरायला जी ताकद लागते, लांब होत भार झेलण्याची, ती सायकलवर तयार होत नाही. काकूंचं जिन्याचं दुखणं कमी झालं त्यात पायरीवरून हळू उतरण्याच्या आणि खुर्चीवर सावकाश बसण्याच्या वेगळ्या व्यायामांचा मोठा वाटा आहे. ते दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा चालू होते. तिसरं, वेळ. तासाला आठ किलोमीटर वेगाने पळताना शरीर बसल्या वेळेच्या सुमारे आठ पट ऊर्जा वापरतं, तासाला पंधरा किलोमीटरने सायकल चालवताना सहा पटींच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच फायद्यासाठी सायकलला जास्त वेळ द्यावा लागतो. काकूंकडे वेळ होता. दोन लहान मुलं आणि हिंजवडीची नोकरी असलेल्या तिशीतल्या निरोगी बाईला, जिचे गुडघे ठणठणीत आहेत, मी सायकलचाच आग्रह धरणार नाही. तिने खुशाल पळावं.

काकूंनी शेवटच्या भेटीत पळण्याचा विषय पुन्हा काढला. मी नाही म्हटलं नाही. आधी हाडांची घनता तपासायला डेक्सा करून घ्यायला सांगितलं, त्यात मांडीच्या हाडाची घनता थोडी कमी आली. त्यामुळे आता आठवड्यातले दोन दिवस वजनं उचलण्याचे, एक दिवस तळजाईच्या मातीच्या वाटेवर भरभर चालण्याचा, बाकी सायकल. पावसाळ्यात डी. पी. रस्ता निसरडा होतो आणि धरणातून पाणी सोडलं की नदीकाठाला काही सांगता येत नाही, तेव्हा जून ते सप्टेंबर घरी स्थिर सायकल. ती आणली आहे, सीटची उंची मोजून दिली आहे. एका पायावर अर्धं खाली बसून गुडघा आत न कलता दहा वेळा उठता आलं, तर दिवाळीनंतर मातीवर एक-एक मिनिट पळून बघू, असं ठरलं आहे. सध्या उजव्या पायावर चार वेळा जमतं.